गाडीचे ॲव्हरेज का उतरले? घरच्या घरी करावयाचे निदान

मोटारगाडी विकत घेण्यापूर्वी तिच्या रंगापासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत सर्व गोष्टींची घरात चर्चा होते. परंतु गाडी एकदा दारात उभी राहिली की पुढे वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो म्हणजे ‘ॲव्हरेज किती देते?’ हा होय. या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या ओठांवर असते. मात्र ते कसे काढले, असे पुढे विचारले असता बहुधा असे आढळते की, पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकले होते व काटा खाली येईपर्यंत गाडी अमुक इतकी फिरली, एवढ्याच अंदाजावर ते आधारलेले असते. या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडल्यावर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा व्यवसाय शिकून आज ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात वाहनदुरुस्तीची कामे करणारे आम्ही काही माजी विद्यार्थी आहोत. ‘गाडी पेट्रोल खूप पिते’ ही तक्रार आमच्याकडे जितक्या वेळा येते तितकी दुसरी कोणतीही येत नाही, आणि जिचे निदान गाडी गॅरेजमध्ये आणण्यापूर्वीच मालकाला निम्म्याहून अधिक करता येते, अशीही तीच एक तक्रार आहे.

हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही. महिन्याला १,५०० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर तिला १०० लिटर पेट्रोल लागते. तीच १२ वर उतरली तर १२५ लिटर लागते. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याचे अडीच हजार रुपये धुरातून गेले. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे स्वतःची टुरिस्ट गाडी चालवतात त्यांच्या घरखर्चात ही रक्कम लगेच दिसते. पण जे दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालक आहेत, त्यांचे यात पैशाहून मोठे काहीतरी पणाला लागलेले असते. ॲव्हरेज उतरले की मालकाची पहिली शंका इंजिनावर जात नाही; ती चालकावर जाते. टाकीतून पेट्रोल काढले जाते, असा संशय एकदा मनात आला की तो बोलून दाखवला जावो वा न जावो, त्या माणसाची नोकरी डळमळू लागते. म्हणून पुढील विवेचन गाडीच्या मालकांनी जितके लक्षपूर्वक वाचावे तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, चालकांनी वाचावे अशी आमची इच्छा आहे.

प्रथम जाहिरातीतील आकड्याविषयी. कंपनी जो आकडा छापते तो पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रयोगशाळेत मिळालेला असतो. तो खोटा नसतो. पण तो रस्त्यावरचा नसतो. गाडी रोलरवर उभी करून, आधीच आखून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे, सुमारे वीस मिनिटे, ताशी ९० किलोमीटरच्या पुढे न जाता आणि एसी बंद ठेवून ही चाचणी घेण्याची पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली आहे. शिळफाट्यावर सायंकाळी सात वाजता उभ्या असलेल्या गाडीशी त्या आकड्याचा संबंध लावणे व्यर्थ होय. आपल्या गाडीची तुलना तिच्या स्वतःच्याच मागील वर्षीच्या कामगिरीशी करावी. मागील वर्षीची नोंद नसेल, तर आज सुरुवात करावी.

मोजमाप आधी, निदान नंतर

मोजण्याची खात्रीची रीत जुनीच आहे. पंपावर टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथे थांबावे. नंतर ‘राउंड फिगर’ करण्यासाठी पेट्रोल ओतू देऊ नये. त्या क्षणी मीटरवरील किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलवर, गाडी त्याच दिशेला उभी करून पुन्हा पहिल्या ‘कट’पर्यंत भरावे. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर म्हणजे ॲव्हरेज. येथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की, एका टाकीवरून काढलेल्या उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, टाकी फुल केली तेव्हा मीटरवर ३८,४२० किलोमीटर होते. पुढे ३८,७४२ वर २४.६ लिटर बसले. म्हणजे लिटरला १३.१ किलोमीटर. त्यानंतर ३९,०५१ वर २२.१ लिटर, म्हणजे जवळजवळ १४. त्यानंतर ३९,३७० वर २५.८ लिटर, म्हणजे १२.४. पंधरा दिवसांत १४ वरून १२.४! घरात चिंता सुरू होते. वस्तुतः घडले एवढेच असते की, मधल्या वेळी नोझल थोडे लवकर बंद झाले आणि राहिलेली जागा पुढच्या वेळी भरून निघाली. तिन्ही टाक्या एकत्र धरल्या तर ९५० किलोमीटरला ७२.५ लिटर, म्हणजे १३.१, हेच खरे उत्तर येते. नोझल बंद होण्यात लिटरभराचा फरक सहज पडतो. दहा लिटरांवर हिशेब केला तर तो फरक दहा टक्क्यांचा होतो, आणि सत्तर लिटरांवर दीड टक्क्याहूनही कमी राहतो. म्हणून तीन टाक्या होईपर्यंत निष्कर्ष काढू नये, हा आमचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे.

काचेमागील पडद्यावर गाडी स्वतः जो आकडा दाखवते तो सोयीचा असतो, पण पुष्कळ गाड्यांत तो थोडा चढाच असतो. वहीतील उत्तराशी त्याचा मेळ एकदा घालून पाहावा. नंतर वाढला की घटला एवढे कळण्यापुरता तो चालतो. किलोमीटरच्या मीटरचीही एकदा परीक्षा घ्यावी. टायर मूळ मापाऐवजी मोठे बसवले असतील तर मीटर प्रत्यक्षाहून कमी अंतर मोजतो आणि ॲव्हरेज उगाचच घटलेले भासते. मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्याच्या पुढे सलग वीस किलोमीटर फोनवरील नकाशाच्या अंतराशी मीटर ताडून पाहिला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

चालकांसाठी येथे थोडे थांबतो. वहीत तारीख, मीटरचा आकडा, लिटर, पंपाचे नाव या चार रकान्यांसोबत पाचवा रकाना करावा, आणि त्यात त्या टाकीत गाडी मुख्यतः कोठे फिरली व किती वेळ एसी लावून उभी राहिली हे लिहावे. साहेब बैठकीस गेले असता दोन तास इंजिन चालू होते, ही नोंद त्याच दिवशीची असेल तर तिला वजन असते. महिन्याने तोंडी सांगितली तर ती सबब ठरते. पंपाच्या पावत्या त्याच वहीला टाचून ठेवाव्यात. मालकांनाही आमची विनंती आहे की, संशय व्यक्त करण्यापूर्वी तीन टाक्या स्वतः उभे राहून भराव्यात.

पंप आणि इंधन

गाडीवर आरोप करण्यापूर्वी लिटर पूर्ण मिळाले काय, हे पाहिले पाहिजे. ठाणेकरांना याची आठवण असेल. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात पंपांच्या यंत्रांत चिप बसवून माप मारण्याचे प्रकरण उघडकीस आले, आणि त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रातील विविध जिल्ह्यांत पंपांवर छापे घातले. त्यातून ‘पल्सर’ हा शब्द सामान्य माणसाला कळला. पंपाच्या यंत्रातून इंधन वाहते तेव्हा आतील मापक फिरतो, आणि त्याच्या फिरण्याचे विजेच्या स्पंदांत रूपांतर करणारा भाग म्हणजे पल्सर होय. लिटरमागे स्पंदांची संख्या वाढवली की समोरच्या पडद्यावर लिटर पूर्ण दिसतो, पण नळीतून तेवढे इंधन आलेले नसते. अशा ठिकाणी पडद्यावरील शून्य पाहून घेण्याची आपली सवय काहीच उपयोगाची नसते.

तेथे उपयोगी पडतो तो पाच लिटरचा प्रमाणित मापक. वैधमापन विभागाचा शिक्का असलेला असा मापक प्रत्येक पंपावर ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागणी केल्यास त्यात पाच लिटर भरून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमांत बसतो. त्याहून अधिक तूट दिसली तर तक्रार करता येते. मागताना आवाज चढवण्याचे कारण नाही. तो आपला हक्क आहे आणि पंपावरील कर्मचारीही बहुधा आपल्यासारखाच पगारी माणूस असतो. एक गैरसमज मात्र दूर करावासा वाटतो. पुस्तिकेत टाकीची क्षमता ३५ लिटर लिहिली असताना ३७ लिटर बसले म्हणजे चोरी झालीच, असे नव्हे. छापील क्षमतेत टाकीच्या वरची मोकळी जागा व भरण्याच्या नळीतील जागा धरलेली नसते.

आता इथेनॉल. गेल्या काही वर्षांत पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक घटलेल्या ॲव्हरेजचे खापर त्याच्यावर फोडण्याची प्रथा पडली आहे. हिशेब असा आहे : एका लिटर इथेनॉलमध्ये एका लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश इतकी ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलची ऊर्जा १०० धरली तर १० टक्के मिश्रणाची ९६.७ आणि २० टक्के मिश्रणाची ९३.३ होते. १० टक्क्यांच्या पेट्रोलवर १५ किलोमीटर देणारी गाडी २० टक्क्यांच्या पेट्रोलवर या हिशेबाने साडेचौदाच्या आसपास यावी. नीती आयोगाच्या २०२१ मधील इथेनॉलविषयक आराखड्यातही, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के घट अपेक्षिलेली आहे. तेव्हा ज्यांची गाडी १५ वरून १४ वर आली त्यांनी इथेनॉलचे नाव खुशाल घ्यावे. ज्यांची १५ वरून ११ वर आली त्यांनी पुढे वाचावे. जुन्या गाडीच्या मालकांनी इंधनाच्या रबरी नळ्या व वायसर मात्र एकदा तपासून घ्यावेत. इथेनॉलमुळे जुने रबर फुगते किंवा चिरते, आणि तेथून होणारी गळती ॲव्हरेजच्या प्रश्नाहून कितीतरी गंभीर असते.

सीएनजी गाड्यांविषयी दोनच गोष्टी सांगतो, कारण या परिसरात त्यांची संख्या मोठी आहे. ‘फुल टाकीत किती चालली’ हा हिशेब सीएनजीला मुळीच लावू नये. सायंकाळी पंपावर रांग असताना दाब कमी पडतो आणि सिलिंडरमध्ये गॅस कमी बसतो. भरताना गॅस तापतो त्यामुळेही तो कमी मावतो. गाडी कमी चालली ती गॅस कमी मिळाल्यामुळे, इंजिन बिघडल्यामुळे नव्हे. हिशेब किलोचाच करावा. दुसरे असे की, बहुतेक सीएनजी गाड्या सुरू होताना पेट्रोलवर असतात, म्हणून महिन्याचे पेट्रोलही खर्चात धरावे. ते अचानक वाढले असेल तर गाडी गॅसवर उशिरा जात आहे असे समजावे. गॅसच्या नळीला, जोडाला वा रेग्युलेटरला घरी हात लावू नये. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणीही चुकवू नये.

रस्ता बदलला काय?

पुष्कळदा गाडी तीच, चालक तोच, पंप तोच असतो. बदललेला असतो रस्ता. आपल्या भागात हे विशेष खरे आहे. कोठे मेट्रोचे खांब उभे राहतात, कोठे पूल पाडला जातो. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ मध्ये पाडल्यावर नवा पूल २०२१ मध्ये खुला होईपर्यंत त्या बाजूने जाणाऱ्यांनी जे सोसले ते त्यांच्या पेट्रोलच्या पावत्यांतही उतरले असणार. उभी गाडी शून्य किलोमीटर चालते आणि तरी इंधन पिते, ही साधी गोष्ट हिशेबात धरली जात नाही.

समजा, डोंबिवलीच्या मानपाड्याकडून ठाण्याकडे कामावर जाण्याचा आपला रस्ता २० किलोमीटरचा आहे, आणि चालत्या स्थितीत गाडी लिटरला १६ देते. म्हणजे चालण्यासाठी सव्वा लिटर लागले. एसी लावून उभे असलेले छोटे इंजिन तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल घेते, आपण ०.८ धरू. कल्याण-शीळ रस्त्यावर व मुंब्रा बायपासवर मिळून ४५ मिनिटे उभे राहावे लागले तर आणखी ०.६ लिटर गेले. एकूण १.८५ लिटर, म्हणजे ॲव्हरेज १०.८. काही कामामुळे तेच ४५ मिनिटांचे ७५ मिनिटे झाले, तर एकूण सव्वादोन लिटर आणि ॲव्हरेज ८.९! गाडीत कणभरही बिघाड नसताना अठरा टक्क्यांची घट झाली. घोडबंदर मार्गावर गायमुखच्या घाटात अडकणाऱ्यांनी यात चढाची भर घालावी.

रस्त्याचा दोष व गाडीचा दोष वेगळे करण्याचा एक सोपा उपाय आम्ही सर्वांना सुचवतो. रविवारी पहाटे टाकी पहिल्या ‘कट’पर्यंत भरून ठाण्याहून वा कल्याणहून नाशिक महामार्गाने शहापूरपर्यंत जावे आणि त्याच रस्त्याने परतून त्याच नोझलवर पुन्हा भरावे. वेग ताशी ७० ते ८० ठेवावा. जाऊन-येऊन असल्यामुळे चढ-उतार व वारा यांची बरीचशी फिटंफाट होते. या फेरीत गाडीने पूर्वीसारखेच ॲव्हरेज दिले तर यंत्र निरोगी आहे आणि दोष शहराच्या रहदारीचा आहे असे खुशाल समजावे; गॅरेजचा खर्च वाचला. इंधन थोडे असल्यामुळे नोझलचा फरक येथे जाचतो खरा, म्हणून शक्य तर दोन रविवारी ही चाचणी घ्यावी. मोकळ्या रस्त्यावरही आकडा पडलेलाच राहिला, तर मात्र बाह्या सरसावून गाडीकडे वळावे.

आता गाडी

पहिली हवा. टायर थंड असताना, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, दाब मोजावा. किती हवा पाहिजे हे पंक्चरवाल्याला विचारू नये. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर ते लिहिलेले असते. हवेचा दाब मोजण्याचे साधे गेज फार महाग नसते व ते प्रत्येक गाडीत असावे. चारही टायरांत मिळून सरासरी एक पीएसआय हवा कमी असेल तर सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त लागते. दहा पीएसआयने कमी असेल तर दोन टक्के. हा परिणाम लोक समजतात तितका मोठा नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कमी हवेचा खरा धोका टायर तापून फुटण्याचा आहे.

त्याहून अधिक इंधन खाणारा आणि सहसा लक्षात न येणारा दोष म्हणजे अडकलेला ब्रेक. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली की मागचे लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. गाडी निघते, पण ब्रेक पूर्ण सुटत नाही. पुढच्या चाकांत कॅलिपरची पिन सुकल्यामुळेही हेच होते. परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकचा फारसा वापर न करता पाच-सात किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ हाताचा पंजा न्यावा. डिस्कला वा ड्रमला स्पर्श करू नये, चटका बसतो. चारांपैकी एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले असेल, तर चोर सापडला. सपाट जागी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, दोघांनी ढकलल्यास छोटी गाडी सहज सरकली पाहिजे. जॅकवर चाक उचलून फिरवूनही पाहता येते, पण दुसऱ्या चाकांना दगड लावल्याशिवाय जॅक लावू नये आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणास्तव शिरू नये. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी करायची असेल तर हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये ठेवून चाकाला विटेचा अडसर लावणे बरे.

खड्ड्यांच्या हंगामानंतर टायरच्या पृष्ठभागावरून हात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे लागले, किंवा आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा अधिक झिजलेली दिसली, तर अलाइनमेंट बिघडली आहे. चाके फरफटत चालली म्हणजे इंधनही जाते आणि टायरही.

क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग त्या मानाने वाढत नाही. चढावर हे चटकन कळते. रांगेत सतत अर्धा क्लच दाबून गाडी सरकवण्याची सवय असलेल्यांनी हे अवश्य तपासावे.

एअर फिल्टर बदला म्हणजे ॲव्हरेज वाढेल, हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ते खरे होते. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक आलेली हवा मोजून तेवढेच पेट्रोल सोडतो. त्यामुळे फिल्टर तुंबला तर गाडीची ओढ कमी होते, पण ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने प्रसिद्ध केलेले निष्कर्षही हेच सांगतात. फिल्टर वेळेवर बदलावा, कारण तो इंजिनाचे धुळीपासून रक्षण करतो. त्याच्याकडून ॲव्हरेजची अपेक्षा धरू नये.

थर्मोस्टॅट हा मात्र खरा संशयित होय. इंजिनातील पाणी ठरावीक तापमानापर्यंत तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप उघडी अडकली, तर इंजिन थंडच राहते आणि संगणक अधिक पेट्रोल सोडत राहतो. ‘आपल्याकडे उष्णता फार, याची गरजच नाही’ असे म्हणून ती काढूनच टाकणारे कारागीर आजही भेटतात. अशा कारागिराला नम्रपणे नकार द्यावा. दहा-बारा मिनिटे चालवूनही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल, किंवा निळा दिवा बराच वेळ विझत नसेल, तर थर्मोस्टॅट तपासून घ्यावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे येथे पुन्हा सांगतो.

घरातच पडलेला, पण कोणीही न वाचणारा एक कागद म्हणजे पीयूसीचे प्रमाणपत्र. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो. बीएस-४ व त्यापुढील पेट्रोल गाड्यांसाठी स्थिर इंजिनावर त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. मागची तीन-चार प्रमाणपत्रे शेजारी ठेवून पाहावीत. आकडा मर्यादेत असला तरी तो दरवेळी चढत असेल, तर पेट्रोल पूर्ण जळत नाही, म्हणजे प्लग, ऑक्सिजन सेन्सर वा इंजेक्टर यांपैकी कोणीतरी कामचुकारपणा करत आहे. अर्थात, नळी प्रत्यक्ष सायलेन्सरमध्ये घालून तपासणी झाली असेल तरच या आकड्याला अर्थ आहे. गाडी न पाहता कागद देणाऱ्याकडून घेतलेल्या प्रमाणपत्राचा निदानाला काहीच उपयोग नाही.

ज्यांची गाडी गेल्या दहा-बारा वर्षांतील आहे त्यांच्या डॅशबोर्डखाली ओबीडीचे सॉकेट असते. त्यात बसणारे ब्लूटूथचे यंत्र काही शे रुपयांत मिळते व फोनवर वाचता येते. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक घेतले तरी चालते. त्यात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाण्याचे तापमान. साधारण ८५ ते ९५ अंशांवर ते स्थिरावले पाहिजे. दुसरी, ‘फ्युएल ट्रिम’. संगणकाने ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवले वा घटवले ते हा आकडा सांगतो. अल्प व दीर्घ मुदतीचे दोन्ही आकडे मिळवून बेरीज अधिक-उणे दहाच्या आत असेल तर चिंता नाही. ती उणे पंधरा-वीस असेल, तर कोठून तरी जादा पेट्रोल येत आहे आणि संगणक ते कापत आहे. बहुधा इंजेक्टर गळतो किंवा एखादा सेन्सर चुकीची माहिती देतो. ती तितकीच अधिक असेल तर हवा कोठून तरी चोरवाटेने आत शिरत आहे, किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतो आहे. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असताना ‘चालतंय तोवर चालवू’ असे म्हणून महिनोन्महिने फिरणे हे सर्वांत महागडे दुर्लक्ष होय.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून सकाळी पाहावे. पेट्रोलचा थेंब उडून जातो, पण डाग व वास राहतो. वास येत असेल तर गाडी सुरू न करता कारागिराला घरी बोलवावे.

शेवटी महामार्गाविषयी, कारण दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीला जाणारी अनेक कुटुंबे आता स्वतःच्या गाडीने समृद्धी महामार्गाने जातात. नागपूर ते भिवंडी तालुक्यातील आमणे हा ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, आणि आपल्या दारातून नागपूर सरळ झाले. येथे कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १२० ने गेले की तो सव्वादोन पट होतो. त्यात टपावर कॅरिअर, त्यावर ताडपत्रीत बांधलेले बिछाने आणि आत सात माणसे असतील, तर परतल्यावर ‘मोकळ्या रस्त्यावरही गाडीने ॲव्हरेज दिले नाही’ ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये येण्याचे कारण नाही. सामान डिकीत बसवावे, रिकामा कॅरिअर परत आल्यावर उतरवून ठेवावा आणि ९०च्या आसपास चालवावे. निघण्यापूर्वी स्टेपनीसह पाचही टायरांची हवा पाहावी.

एवढे करूनही कारण सापडले नाही तर गाडी कारागिराकडे न्यावी, आणि ‘ॲव्हरेज बघा जरा’ असे न म्हणता वही त्याच्यापुढे ठेवावी : तीन टाक्यांचा हिशेब, शहापूरच्या फेरीचा आकडा, कोणते चाक तापते, पाण्याचे तापमान किती राहते. ज्या कामाचे कारण त्या वहीत दिसत नाही ते काम का सुचवले, हे विचारावे. एका वेळी एकच भाग बदलावा, काढलेला जुना भाग मागून घ्यावा, आणि पुन्हा तीन टाक्या मोजून झाल्यावर पुढच्या दुरुस्तीचे ठरवावे.